पटावरचं आजोळ

फोन वाजला तेव्हा शिवानी हिप्परकर नणंदेसाठी धिरडी घालत होती. ऋतुजाला नववा महिना लागला होता. सासूबाई कधीच्याच गेलेल्या, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे ते वहिनीनेच करायचं, हे ओघाने आलं. ऋतुजा पाय पसरून निवांत बसली होती आणि आणखी एक धिरडं मागावं की नको, या मोठ्या विचारात पडली होती.

शिवानीने उलथनं हातात धरूनच फोन घेतला.

"नमस्कार," एक गोड, घोटून तयार केलेला बायकी आवाज म्हणाला. "राष्ट्रीय लसपटाकडून बोलत आहे. आपला मुलगा शर्विल दिग्विजय हिप्परकर बऱ्याच काळापासून आजोळी आहे. त्याच्या लशी राहिल्या आहेत. तो परत आला असल्यास एक दाबा. अजून आजोळीच असल्यास दोन दाबा."

शर्विल जाऊन दोन वर्षं होत आली होती. मूल वारलं असल्यास काय दाबायचं, ते त्या आवाजाने सांगितलं नाही.

तव्यावरचं धिरडं करपलं. "कुणाचा वो, वहिनी?" ऋतुजाने विचारलं.

"चुकून लागला," शिवानी म्हणाली. तिने करपलेलं धिरडं उचलून बाजूला ठेवलं आणि नणंदेला दुसरं घातलं.

लसपट म्हणजे काय, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. शाळेत जसा हजेरीपट, तसा हा देशातल्या समस्त लेकरांचा पट. मूल जन्मलं की नाव पटावर चढायचं. सुईचे दिवस सरले होते. कपाळाच्या टिकलीएवढी चकती दंडावर चिकटवायची, तिच्या अंगावरचे केसाहून बारीक काटे कातडीत विरघळायचे, आणि लशीबरोबरच कातडीखाली डोळ्यांना न दिसणारा रंग मागे राहायचा. यंत्र दंडावर धरलं की कोणती टिकली कधी लागली, ते त्या रंगावरून वाचता यायचं. लोक त्या चकतीला टिकलीच म्हणायचे. टिकल्यांची डबी प्रत्येक उपकेंद्रात असायची, पण तिचं कुलूप पटाच्या हाती. गावच्या पटावर मुलाचं नाव असेल आणि त्याची वेळ झाली असेल, तरच डबीतला एक कप्पा उघडायचा. नाव नसेल तर कलेक्टर येऊन उभा राहिला तरी डबी ढिम्म हलायची नाही.

सुरुवातीला एकच मूल दोन गावांत मोजलं जायचं आणि दुसरं कुठेच नाही. म्हणून नियम झाला, एक मूल एका वेळी एकाच गावच्या पटावर. आता आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी जाते, पोरं मामाकडे जातात, त्यांचं काय? त्यासाठी तात्पुरत्या बदलीचा एक रकाना ठेवला गेला. मराठीत उतरवताना कुणा हौशी माणसाला कौतुकाचं भरतं आलं आणि त्याने त्या रकान्याला नाव दिलं 'आजोळी'. मूल आजोळी गेलं असं नर्सने नोंदवलं की ते तिच्या पटावरून उतरायचं. आजोळच्या नर्सने 'आलं' असं दाबेपर्यंत ते कुठल्याच पटावर नसायचं. अशा घरी फोन लावणारं नवं यंत्र येईपर्यंत त्या मधल्या मुलांची चौकशी करणारं कुणी नव्हतं.

शिवानी स्वतः याच पटावर काम करायची. शर्विल गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा तिने खरसाळे तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात जुळवणीचं टेबल धरलं. माहेरी सुप्रिया असलेली बाई लग्नात नाव बदलून सासरी शर्वरी होते आणि यंत्राला त्या दोन बायका वाटतात. अशी नावं जुळवायची, मुलांना या पटावरून त्या पटावर सोडायचं, हे तिचं काम. तिला खरसाळ्याचाच पट उघडता यायचा. शर्विलची नोंद शेजारच्या तालुक्यात, मुचलवाडीच्या पटावर होती. ती पाहण्याची तिला कधी गरज पडली नव्हती आणि धीरही झाला नव्हता.

पण आईला आपल्या मुलाची नोंद पाहण्याचा हक्क असतो. त्या दुपारी तिने कार्यालयात आई म्हणून अंगठा लावला.

शर्विल दिग्विजय हिप्परकर. सध्या आजोळी. नोंद करणार, ऋतुजा काळेल, परिचारिका, मुचलवाडी उपकेंद्र.

तारीख शर्विलला पुरलं त्या दिवसाची होती. वेळ संध्याकाळची.

ती संध्याकाळ शिवानीला लख्ख आठवत होती. तिचं डोकं ऋतुजाच्या मांडीवर होतं. ऋतुजा तिच्या केसांतून हात फिरवत होती, स्वतः हुंदके देत होती. मध्येच, "पाणी आणते वहिनी," म्हणून मोडका पाय ओढत ती आत गेली होती आणि बराच वेळ आली नव्हती.

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी चहा घेणार का म्हणून विचारलं, त्याला शिवानीने मान हलवून हो म्हटलं आणि तो चहा गार झाला.

दोन वर्षांपूर्वी ऋतुजा गावोगाव फिरताना स्कूटरवरून पडली आणि पायाचं हाड मोडून बसली. नवरा सुरतेला. करायला कोण? वहिनी. शिवानी आठ महिन्यांच्या शर्विलला कडेवर घेऊन मुचलवाडीला गेली. जाण्याआधी तिने शहाण्या आईसारखा लसपटाचा नकाशा पाहिला. गोवराची लस त्या वेळी नऊ महिने भरल्यावर मिळायची, शर्विल अजून लशीविना उघडा होता. पण मुचलवाडी नकाशात हिरवीगार होती. ऋतुजानेच फोनवर सांगितलं होतं, "बिनघोर या वहिनी. माझ्या गावात एक पोर बिनटिकलीचं न्हाई. शर्विलला नऊ महिनं भरलं की मीच माझ्या हातानं टिकली लावते." म्हणून त्याचं नावसुद्धा तिकडच्या पटावर नेलं होतं.

गोवरासारखा पसरणारा आजार नाही. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी मागे हवा तशीच राहते आणि उघडं मूल तिथे आलं की त्याला धरते. त्याला अडवायचं तर शंभरातल्या पंच्याण्णव जणांना टिकली हवी. तेवढी झाली की आजाराला पुढे जायला माणूस सापडत नाही, आणि ज्यांना अजून टिकली देता येत नाही अशी तान्ही पोरं इतरांच्या आडोशाला सुखरूप राहतात. तो आडोसा पुरेसा असेल तर गाव हिरवं, नसेल तर लाल.

पण हिशेब करायला दोन आकडे लागतात आणि नर्सच्या हातात दोन्ही होते, हे शिवानीला आता उलगडलं. शंभरातली पंधरा मुलं राहिली तर गाव लाल. त्या पंधरांना आजोळी पाठवलं की उरली पंच्याऐंशी, आणि पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशींना टिकली लागलेली. गाव हिरवं. पोरं मात्र तिथेच, गल्लीत गोट्या खेळत.

त्या हिरव्या गावात शर्विलला गोवर झाला. फुप्फुसांत उतरला. शहरातल्या दवाखान्यात तो गेला तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं गेलं आणि नशीब म्हणून सगळे रडले. गोवराने मूल दगावलं असं पटावर चढलं असतं तर चौकशी आली असती. हिरव्या गावात गोवर कुठून आला, हे विचारलं गेलं असतं. आणि पटाला मरण कळायचं ते गावच्या नर्सच्याच बोटाने.

म्हणून आत्याने भाच्याला आजोळी धाडलं. याच आत्याने बारशाला त्याच्या कानात कुर्र करून नाव ठेवलं होतं. आणि आजोळ तरी कुठलं? शिवानीची आई ती लहान असतानाच गेली, वडिलांमागे घर विकलं गेलं. त्या पोराला या जगात आजोळ नव्हतंच.

घरी येताना तिने ठरवलं, काही बोलायचं नाही. भांडण केलं असतं तर ऋतुजा रडली असती, पाया पडली असती, दिग्विजय मध्ये पडला असता आणि चार दिवसांनी सगळं निवळलं असतं. शिवानीला ते निवळायला नको होतं.

"वहिनी, पाय लई सुजल्यात," ऋतुजा दारातच म्हणाली.

"बस, तेल लावते," शिवानी म्हणाली.

मुलगा झाला. शिवानीने बाळंतपण असं केलं की गल्लीतल्या बायकांनी तोंडात बोट घातलं. शेक, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. बाळाला पायांवर घेऊन ती रोज न्हाऊ घालायची. पालथं करून पाठीवर पाणी ओतलं की ते पोर हुबेहूब शर्विलसारखं मुठी आवळायचं. तेव्हा तिला राग यायचा, आणि राग आला की हात आणखीच हळुवार व्हायचे. या बाळावर तिचा जीव जडत चालला होता आणि त्याच्या आईचं तोंड पाहवत नव्हतं. दोन्ही एकाच घंगाळापाशी.

"दादा, वहिनी म्हंजी माझी आईच," ऋतुजा म्हणाली. दिग्विजय भरल्या डोळ्यांनी बायकोकडे बघत राहिला. शिवानी बाळाची टाळू भरत होती.

बाळाचं नाव खरसाळ्याच्या पटावर चढलं होतं. सव्वा महिना झाला तसं ऋतुजाचं जायचं ठरलं. पुढच्याच आठवड्यात बाळाला दीड महिना भरणार होता आणि गोवराची नवी टिकली लागायची होती. ही टिकली शर्विलच्या वेळी नव्हती. आईच्या रक्तातून बाळाला जी ताकद मिळते ती जुन्या लशीला काम करू द्यायची नाही, म्हणून नऊ महिने थांबावं लागायचं. नव्या टिकलीत विषाणू नव्हताच, फक्त त्याला ओळखण्याची शिकवण होती. ती आईच्या ताकदीला चकवून बाळाच्या शरीराला दीड महिन्यातच धडा द्यायची.

शिवानीने नणंदेची ओटी भरली, बाळाच्या गालाला काजळाचं बोट लावलं, डबे बांधून दिले. मग कार्यालयात येऊन बाळाची नोंद उघडली. पडद्यावर नेहमीचे दोन प्रश्न आले. बाळ घरी परत गेलं का? हो, नाही. बाळ पुन्हा आजोळी येणार आहे का? हो, नाही. दुसरा प्रश्न पुढच्या टिकल्या दोन्ही ठिकाणी तयार ठेवण्यासाठी असायचा. त्याला 'नाही' म्हटलं की पटावरचं त्या मुलाचं आजोळ कायमचं पुसलं जायचं.

तिने काहीच दाबलं नाही. तिला खोटं लिहावंही लागलं नाही. नुसती नोंद मिटली आणि जेवणाचा डबा उघडला.

ऋतुजाचा पहिला फोन आला तेव्हा आवाजात हसू होतं. "वहिनी, डबी उघडंना बघा. बाळ आजोळी हाय म्हणती. तेवढं सोडा की तिकडनं."

"बघते," शिवानी म्हणाली.

दुसऱ्या फोनला हसू नव्हतं. तिसऱ्याला ऋतुजाचा श्वास लागला होता. मुचलवाडीत शिंद्यांच्या पोरीच्या अंगावर पुरळ उठलं होतं.

"पुरळ?" शिवानी म्हणाली. "तुझ्या गावात एक पोर बिनटिकलीचं नाही ना?"

पलीकडे बाळ रडायला लागलं.

"वहिनी, असं काय बोलताय? सोडा वो त्याला. तान्हं हाय ते."

"आजोळी आहे ते. आजोळी गेलेल्या पोरांची काळजी करायची नसते, हे तुला मी सांगायचं? शर्विल नाही का, किती दिवस झाले, सुखात आहे."

ऋतुजाने फोन बंद केला.

तिला वरच्या साहेबांकडे तक्रार करता आली असती. पण तक्रार झाली की मुचलवाडीचा आजोळीचा रकाना पहिल्यांदा उघडला असता. तिला एकच वाट उरली होती. बाळ खरसाळ्याच्या पटावर होतं, तर टिकली खरसाळ्यातच लागणार.

दुसऱ्या दिवशी दिग्विजयच त्या दोघांना जीपमधून घेऊन आला. रस्त्यात बहिणीने त्याला किती सांगितलं कुणास ठाऊक, पण त्याचा चेहरा उतरला होता. कार्यालयात शिवानीच्या टेबलापाशी ऋतुजा बाळाला छातीशी धरून उभी राहिली.

"बस," शिवानी म्हणाली. तिने पडदा नणंदेकडे वळवला. "तुझा अंगठा लाव. मुचलवाडीचा पट उघड."

"आधी त्याला टिकली लावा."

"लागेल. सगळ्यांना लागेल. तुझ्या बाळाचा नंबर शेवटी."

ऋतुजाने अंगठा लावला. आजोळीचा रकाना उघडला तसा दिग्विजय वाकून बघायला लागला. नावं खाली सरकतच राहिली.

"इतकी?" तो म्हणाला.

"पहिलं पोर खरंच आजोळी गेलतं, दादा," ऋतुजा म्हणाली. "मग एक घर ऐकंना. चार खेपा घातल्या, दार लावून घेतात. वरनं रोज विचारणा, गाव लाल का, गाव लाल का. एक दाबलं तर हिरवं झालं. मग सवय लागली."

"आणि शर्विल?" दिग्विजयने विचारलं.

बाळ कुरकुरायला लागलं तसं ऋतुजाने त्याला थोपटलं.

"त्याच्यापासून सुरू कर," शिवानी म्हणाली.

"वहिनी, तुम्ही दाबा. मला जमायचं न्हाई."

"नाव तू ठेवलंस त्याचं. आजोळी तू धाडलंस. आता आणायचंही तूच."

ऋतुजाने डोळे पुसले. मग अचानक तिच्या मनात काहीतरी आलं आणि तिने मान वर केली. "तुम्हाला कधी कळलं?"

"तुला नववा होता तेव्हा."

"म्हंजी माझं सगळं करत होता, बाळाला न्हाऊ घालत होता, तवा माहीत होतं?"

"हो."

"आणि गावातली पोरं? ती उघडी हायत हे माहीत होतं, आणि तुम्ही दोन महिनं गप्प बसला? शिंद्यांची पोर तापानं फणफणलीया, वहिनी."

हे शिवानीच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिने ते बाजूला सारलं होतं, कारण आधी सांगितलं असतं तर ही बाई आज या खुर्चीत बसली नसती.

"बसले गप्प," ती म्हणाली. "तुझ्याकडूनच शिकले."

हे उत्तर नव्हतं, हे तिला कळत होतं. दिग्विजयने तिच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

ऋतुजाने शर्विलचं नाव उघडलं. सध्या आजोळी, हे खोडलं. पडद्याने विचारलं, मूल कुठे आहे? तिने 'मृत' निवडलं. कारण? गोवर. लागण कुठल्या गावात? तिचं बोट थांबलं. शिवानीने घाई केली नाही. मुचलवाडी, ऋतुजाने लिहिलं आणि दाबलं.

मग ती एकेक मूल परत आणायला लागली. शिंद्यांची पोर. शाळेमागच्या वस्तीवरची तीन भावंडं. नाव परत चढलं की शेजारच्या नकाशात मुचलवाडीचा रंग उतरायचा. हिरवी पिवळट झाली, नारिंगी झाली, आणि ऋतुजाचं रडणं थांबलं तोवर लालभडक. लाल होताच यंत्राने विचारपूस न करता आपलं काम सुरू केलं. जिल्ह्याच्या कोठारातून टिकल्या निघाल्याची सूचना आली, शिंद्यांच्या घरी डॉक्टर पाठवल्याची आली, आणि पाठोपाठ ऋतुजा काळेल यांनी चौकशीसाठी हजर राहण्याची. ऋतुजाने ती वाचली. तिची नोकरी गेली हे तिथल्या सगळ्यांना कळलं.

"आण इकडे," शिवानीने हात पुढे केले.

मामीचा आवाज ओळखून बाळ हसलं. तिने त्याचा दंड पुसला, कार्यालयातल्या डबीपाशी नेलं. कप्पा टकदिशी उघडला. टिकली लावताना त्याने मुठी आवळल्या, तशाच. तिने ती दाबून धरली आणि रंग बसेपर्यंत हलू दिलं नाही. त्याच्या डोक्याला शिकेकाईचा वास येत होता. इतके दिवस ज्या हातांनी याला न्हाऊ घातलं त्याच हातांनी आपण याला उघडं ठेवलं, हे तिला त्या वासाबरोबर नको इतकं स्पष्ट कळलं. ऋतुजाचा राग त्याने कमी झाला नाही.

तिने बाळ आईकडे दिलं.

"घरी येऊ दे तिला," दिग्विजय हळूच म्हणाला. "दोन घास खाऊन, ओटी भरून जाऊ दे. माझी एकुलती बहीण आहे, शिवानी."

ऋतुजा आशेने बघत राहिली. शिवानीने खुर्चीत बसून बाळाची नोंद उघडली.

बाळ घरी परत गेलं का? तिने 'हो' दाबलं.

बाळ पुन्हा आजोळी येणार आहे का?

"वहिनी," ऋतुजा म्हणाली.

शिवानीने 'नाही' दाबलं आणि पडदा तिच्याकडे वळवला, वाचता यावा म्हणून.